गोळ्यांचा हिशेब आण, मग एमआरआयचं बोल

बसू नकोस. आधी उत्तर दे. गेल्या महिन्यात तुझ्या बायकोचं डोकं किती दिवस दुखलं?

माहीत नाही. बरं, गोळ्या किती घेतल्या? "लागतील तशा घेते, बाई." वा रे वा! केळीच्या कांदेबागेतल्या झाडाला रोज किती पाणी सोडतोस, ते तू झोपेतून उठवलं तरी सांगशील. घडाचं वजन, कालचा रावेरचा भाव, व्यापाऱ्यानं धरलेली घट, सगळं तोंडपाठ. केळीच्या पानावर करपा दिसला की त्याच दिवशी फोटो काढून कृषी केंद्रात धावतोस. आणि घरातलं माणूस वर्षानुवर्षं कपाळाला फडकं आवळून अंधाऱ्या खोलीत पडतंय, त्याची एक ओळ तुझ्याकडे लिहिलेली नाही. वर मला विचारायला आलास, जळगावात एमआरआय कुठं चांगला निघतो म्हणून!

ती पिशवी उलटी कर टेबलावर. चष्म्याचे तीन वेगवेगळे नंबर. सायनसचा एक्स-रे. मानेचा एक्स-रे. पित्ताशयाची सोनोग्राफी. मेंदूचा सीटी स्कॅन, तोही नॉर्मल. आणि हा काळा दोरा कुठल्या बाबाचा, ते सांगू नकोस, मला ऐकायचं नाही. आजार रेड्याला आणि औषध पखालीला, ही म्हण बहुधा तुझ्यासाठीच जन्माला आली असावी.

आता ती गोळ्यांची पट्टी उचल. मेडिकलवाल्यानं कात्रीनं अर्धी कापून दिलीय, नावाचा तुकडा त्याच्याकडेच राहिलाय. मागं बारीक अक्षरात घटक छापलेत. चष्मा लाव आणि मोठ्यानं वाच. एर्गोटामिन. कॅफीन. पॅरासिटामॉल. शिवाय उलटीवरचं एक औषध. एका गोळीत चार औषधं, आणि चिठ्ठीशिवाय हातात. बीएस्सीला रसायनशास्त्र घेतलं होतंस ना? यातला एक शब्द तरी कधी वाचलास?

मी डॉक्टर नाही, शास्त्राची मास्तरीण आहे. निदान डॉक्टर करतील. पण तू मघाशी जे सांगितलंस ते ऐकून कुणाही शिकल्यासवरलेल्या माणसाला संशय यायला हवा होता. डोक्याची एक बाजू, ठणका, मळमळ, उलटी, उजेड सोसत नाही, भांड्याचा आवाज सोसत नाही, जिना चढलं की वाढतं, आणि एकदा धरलं की पार दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच सुटतं. वैद्यकातली व्याख्या जवळजवळ हीच आहे: उपचार न केल्यास ४ ते ७२ तास टिकणारं, असे झटके किमान पाच वेळा आलेले. अर्धशिशी म्हण, मायग्रेन म्हण. हे निदान नीट विचारपूस करून आणि तपासून होतं. यंत्राला ते दिसत नाही. म्हणून तर तुझा सीटी नॉर्मल आला, आणि तो नॉर्मल आला म्हणून तुझ्या आईनं निकाल देऊन टाकला: "हिनं रोजनंच शे." झालं! यंत्राला दिसलं नाही म्हणजे सून नाटक करते.

तुझ्या घराचं दुसरं लाडकं निदान म्हणजे पित्त. "पित्त उलटून पडलं की तिला बरं वाटतं." उलटी हा त्या झटक्याचाच एक भाग आहे. गडबड डोक्यात सुरू होते आणि जठराची हालचाल मंदावते, म्हणून मळमळतं. कारण आणि परिणाम यांची उलटापालट केलीस तर नववीच्या पेपरात मी शून्य देत असे. इथं त्याच चुकीपायी ती वर्षानुवर्षं ॲसिडिटीच्या गोळ्या गिळतेय. आणि एक लक्षात घे. जठर थंडावलं की पोटात टाकलेली गोळी तिथंच पडून राहते. तुझ्या घरी आधी स्वयंपाक उरकायचा, मजुरांचे डबे भरायचे, मग अगदीच सोसेना झालं की गोळी घ्यायची. वरातीमागून घोडं. झटक्याची गोळी दुखणं हलकं असतानाच, पुऱ्या मात्रेत घ्यावी लागते. उलटी होत असेल तर डॉक्टर तिच्या जोडीला उलटीचं औषध देतात, कधी नाकातला फवारा देतात.

कर्पर चेतांच्या १२ जोड्या तुम्हाला पाठ करायला लावल्या होत्या. पाचवी कोणती? ट्रायजेमिनल. चेहरा, कपाळ, डोळे यांची संवेदना वाहून नेणारी. मेंदूच्या गाभ्याला स्वतःला वेदना कळत नाही. त्याच्यावरच्या आवरणांना आणि तिथल्या रक्तवाहिन्यांना मात्र कळते, कारण त्यांच्याभोवती याच चेतेच्या टोकांचं जाळं असतं. झटक्यात ही टोकं खवळतात आणि सीजीआरपी नावाचं एक छोटं प्रथिन सोडतात. त्यानं रक्तवाहिन्या रुंदावतात, पण खरा घोळ पुढचा आहे. वेदनेचे संदेश मेंदूच्या बुंध्यात जातात, तिथून थॅलॅमसमध्ये, तिथून वर. मानेच्या वरच्या भागातल्या चेताही बुंध्यात त्याच ठिकाणी येऊन मिळतात, म्हणून मान आखडते आणि तू मणक्याचा एक्स-रे काढतोस. कपाळात आणि डोळ्यामागं दुखतं, म्हणून सायनसचा काढतोस. झटका लांबला की पुढची केंद्रंही हुळहुळी होतात. मग केसांतून कंगवा फिरवला तरी दुखतं, उशीवर डोकं टेकवलं तरी दुखतं. तुझ्या बायकोनं वेणी घालून घ्यायला नकार दिला तेव्हा तिला नखरेल म्हणणारा तूच ना?

सीजीआरपीची ही गोष्ट हवेतली नाही. लार्स एडविन्सन आणि पीटर गोड्सबी यांनी १९९० मध्ये दाखवलं की झटका चालू असताना मानेतल्या शिरेच्या रक्तात हे प्रथिन वाढलेलं असतं. या दोघांना आणि मायकेल मॉस्कोविट्झ, येस ओलेसन यांना २०२१ चं ब्रेन प्राइझ मिळालं, ते मायग्रेनच्याच कामासाठी. जगातले मोठे मेंदूवैज्ञानिक ज्या दुखण्यामागं हयात घालवतात, त्याला तुमच्या ओसरीवर थेरं म्हणतात.

आणि ते तीन चष्मे? तिला कधी कधी डोकं दुखण्याआधी डोळ्यांपुढं चमकणारी नागमोडी रेघ दिसते, ती पसरत जाते आणि अर्ध्या तासात विरते, असं तूच म्हणालास. याला ऑरा म्हणतात. कार्ल लॅशली नावाच्या मानसशास्त्रज्ञानं स्वतःच्या ऑराची चित्रं काढून १९४१ मध्ये हिशेब मांडला, की मेंदूच्या पृष्ठभागावरून काहीतरी मिनिटाला सुमारे ३ मिलिमीटर वेगानं सरकत असावं. अरिस्तिदेस लेआंव या ब्राझीलच्या शास्त्रज्ञानं १९४४ मध्ये सशांच्या मेंदूत तशीच संथ विद्युत लाट पकडली. ज्याला ऑरा दिसतो तो माणूस स्वतः दुखण्यानं हैराण असताना कागदावर मोजमाप करतो, आणि तू चष्म्याच्या दुकानात जाऊन नवी फ्रेम निवडतोस.

मायग्रेनचा मेंदू कसा असतो ते तुझ्या भाषेत सांगते. तुझ्या विहिरीवरच्या मोटारीचा जुना स्टार्टर आठव. व्होल्टेज जरा खालीवर झालं की ट्रिप. बाकीच्यांचे पंप चालू, तुझा बंद. यात व्होल्टेजचा दोष थोडा, स्टार्टर नाजूक हे मुख्य. हा नाजूकपणा बराचसा जन्मजात असतो. जुळ्यांच्या अभ्यासांत आनुवंशिकतेचा वाटा साधारण निम्मा निघाला. २०२२ च्या एका मोठ्या अभ्यासानं लाखावर रुग्णांच्या जनुकांत मायग्रेनशी जोडलेल्या १२३ जागा दाखवल्या. अशा मेंदूला बदल खपत नाही. झोप चुकली, जेवण चुकलं, पाणी कमी पडलं, ऊन डोक्यावर आलं की तो ट्रिप होतो.

आता मला सांग, तुझ्या घरात शेवटी कोण जेवतं? पहाटे चारला उठून भाकरी कोण बडवतं? मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकलेला असताना बांधावर डबा कोण पोचवतं? हरतालिकेला पाण्याचा थेंब न घेता आणि नवरात्रात नऊ दिवस अर्धपोटी कोण राहतं? तिची जेवायची वेळ हेच एक औषध आहे आणि ते तुझ्या हातात आहे. त्याला चिठ्ठी लागत नाही, पैसा लागत नाही. फक्त आईसमोर तोंड उघडावं लागतं, आणि तिथंच तुझी दातखीळ बसते.

"पण बाई, ती म्हणते डोक्यावरून न्हायलं की दुखतं. रोटांच्या दिवशी सगळ्या बायका न्हातात, हिलाच कसं दुखतं?" हसू नकोस. मुंबईचे डोकेदुखीचे तज्ज्ञ डॉ. के. रविशंकर यांनी केस धुण्यानं मायग्रेन उठणाऱ्या ९४ भारतीय रुग्णांची निरीक्षणं २००६ मध्ये 'सेफॅलाल्जिया' या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात छापली. इथल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या जे सांगत होत्या आणि ज्यावर घरचे टोमणे मारत होते, ते एका डॉक्टरनं ऐकून घेतलं, लिहून ठेवलं, आणि त्याचं शास्त्र झालं. तुझ्यात आणि त्यांच्यात फरक कसला? त्यांनी ऐकलं.

आणि दोरा बांधल्यावर, उगवतीला दूध-जिलबी खाल्ल्यावर दोन दिवसांत बरं वाटलं, हा पुरावा माझ्यापुढं ठेवू नकोस. झटका बहुधा ७२ तासांच्या आत आपोआपच उतरतो. त्या वेळात जे कराल त्याला श्रेय मिळतं. शिवाय २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेली एक चाचणी सांगते. ९५५ रुग्ण, एरेनुमॅब नावाचं नवं इंजेक्शन. औषधाच्या मोठ्या मात्रेवर ५० टक्के रुग्णांचे दुखण्याचे दिवस निम्म्यानं किंवा त्याहून अधिक घटले. आणि ज्यांना नुसतं खोटं इंजेक्शन दिलं, त्यांच्यातही २६.६ टक्क्यांचे घटले. म्हणजे औषध नसतानाही चौघांतल्या एकाला उतार पडला. तुझ्या बाबाची सगळी कीर्ती त्या चौथ्या माणसावर उभी आहे. औषधाची परीक्षा ही त्या २६.६ च्या वर किती चढतं याची असते. हे समजायला पदवी लागते का?

आता मुख्य गुन्ह्याकडे ये. ही पट्टी. तिचं डोकं पूर्वी महिन्यातून दोनदा-तीनदा दुखायचं, आता जवळजवळ रोज दुखतं, असं तू म्हणालास आणि म्हणून तुला गाठीची भीती वाटली. अरे, ही तुझ्या मसाल्याच्या डब्यात ठेवलेल्या गोळ्यांची करामत असण्याचीच शक्यता मोठी आहे! अशी मिश्र गोळी महिन्यात १० किंवा अधिक दिवस, साधं पॅरासिटामॉल १५ किंवा अधिक दिवस, असं तीन महिन्यांच्या वर चाललं की गोळीच डोकेदुखी वाढवते. गोळी उतरली की दुखतं, दुखलं की गोळी. आगीतून फुफाट्यात, आणि फुफाट्यातून पुन्हा आगीत. त्यातून बाहेर यायचं तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली गोळी थांबवावी लागते. पहिले एक-दोन आठवडे दुखणं उलट वाढतं, मग उतरू लागतं. त्या दिवसांत घरातलं कुणीतरी तिच्या बाजूनं उभं राहावं लागतं. उठून पुन्हा मेडिकलवर धावणारा नवरा तिथं कामाचा नाही.

आणखी एक विचारते, लाजू नकोस. दुसऱ्या लेकरानंतर ती काय घेते? आशाताईंनी दिलेल्या माला-एन. ठीक. त्या गोळीत इस्ट्रोजेन असतं. ज्या बाईला ऑरासह मायग्रेन आहे, तिनं इस्ट्रोजेनची गर्भनिरोधक गोळी घेऊ नये, असं जागतिक आरोग्य संघटना स्वच्छ सांगते, कारण पक्षाघाताचा धोका वाढतो. आशाताईंना हे ठाऊक असायला तिनं त्या नागमोडी रेघेबद्दल सांगायला हवं, आणि तिनं सांगायला कुणीतरी विचारायला हवं. तांबी आहे, सरकारी दवाखान्यातली 'छाया' ही इस्ट्रोजेन नसलेली गोळी आहे. आणि दोन लेकरं पुरे असतील तर पुरुष नसबंदी नावाचीही गोष्ट आहे, तीही सरकारी दवाखान्यात. मान खाली घालू नकोस, मी शास्त्र सांगतेय.

बायकांना मायग्रेन पुरुषांच्या दुप्पट-तिप्पट होतो. पाळी येण्याआधी इस्ट्रोजेन झपकन उतरतं आणि अनेकींचा झटका नेमका तेव्हाच येतो. शेजारच्या कर्नाटकातल्या एका पाहणीत वर्षभरात २५.२ टक्के प्रौढांना मायग्रेन झाल्याचं २०१५ मध्ये नोंदलं गेलं. दर चौघांत एक. तुझ्या गल्लीत मोज. तुझी बायको एकटी नाही, फक्त तिचं कुणी लिहून घेतलं नाही.

उपाय नाही असं म्हणायची सोयही आता राहिली नाही. झटक्यासाठी १९९१ पासून सुमाट्रिप्टान आणि त्याची भावंडं अशी औषधं आहेत. हृदयविकार असलेल्यांना ती चालत नाहीत, म्हणून डॉक्टरांना विचारूनच. दुखणं महिन्यात चार-पाच दिवसांच्या वर गेलं की रोज घ्यायचं प्रतिबंधक औषध सुरू करण्याचा विचार करतात. प्रोप्रॅनोलॉल हृदयाकडून उसनं आलेलं, दमा असेल तर वर्ज्य. ॲमिट्रिप्टिलीन नैराश्याकडून. टोपिरामेट आणि व्हॅलप्रोएट फेफऱ्याकडून. ही शेवटची दोन पोटातल्या बाळाला घातक ठरू शकतात, म्हणून दिवस राहण्याची शक्यता असेल तर ते डॉक्टरांना सांगायचंच. ही जुनी औषधं स्वस्त आहेत, पण परिणाम दिसायला दोन-तीन महिने लागतात. आठ दिवसांत "काही फरक नाही" म्हणून बंद करायची नसतात.

मायग्रेन रोखण्यासाठीच म्हणून बनवलेलं पहिलं औषध २०१८ च्या मे महिन्यात अमेरिकेत मंजूर झालं. तेच एरेनुमॅब, महिन्यातून एकदा त्वचेखाली टोचायचं. सीजीआरपी ज्या ग्राहीवर जाऊन बसतं, ती जागाच ते अडवतं. मागोमाग सीजीआरपीलाच पकडणारी इंजेक्शनं आली. मग गेपंट वर्गाच्या गोळ्या आल्या: युब्रोगेपंट, रिमेगेपंट, ॲटोगेपंट. त्या रक्तवाहिन्या आवळत नाहीत, आणि फार घेतल्यानं डोकेदुखी वाढवतात असं आजवर तरी दिसलेलं नाही. महिन्यात १५ किंवा अधिक दिवस दुखणाऱ्या जुनाट मायग्रेनसाठी डोक्या-मानेत ३१ जागी बोटॉक्सची इंजेक्शनं दर १२ आठवड्यांनी देतात. ते २०१० पासून मान्य आहे. दंडाला बांधून मोबाइलवरून चालवायचं 'नेरिव्हिओ' हे विजेच्या सौम्य लहरींचं यंत्र डॉ. रेड्डीज कंपनीनं २०२३ मध्ये भारतात आणलं. अमेरिकेतल्या डोकेदुखीतज्ज्ञांच्या संघटनेनं २०२४ मध्ये सीजीआरपीवरच्या औषधांना पहिल्या फळीत जागा दिली. महाग आहेत, हे खरं. पण ज्या घरानं तीन चष्मे, दोन एक्स-रे, एक सोनोग्राफी आणि एक सीटी विनाकारण केला, त्यानं मला महागाई सांगू नये. आणि आपल्याला बहुधा तिथवर जावंही लागणार नाही. स्वस्त औषध नीट, पुरेसे दिवस कुणी दिलंच नाहीये अजून.

एमआरआय कधी लागतो तेही ऐक, म्हणजे अर्धवट ऐकून जाणार नाहीस. क्षणार्धात आलेली, आयुष्यातली सर्वांत भयंकर डोकेदुखी. ताप आणि ताठलेली मान. हातापायातली शक्ती जाणं, बोबडी वळणं, शुद्ध हरपणं. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेलं दुखणं. गरोदरपणात किंवा बाळंतपणानंतर आलेलं नवं दुखणं. यातलं एकही दिसलं तर माझ्याकडे किंवा बाबाकडे न येता गाडी थेट दवाखान्यात. आणि दुखण्याची तऱ्हा बदलली की तेही डॉक्टरांना सांगायचं, तपासणी लागते का ते त्यांना ठरवू दे.

आता गृहपाठ. शंभर पानी वही घे. तारीख, दुखणं कधी सुरू झालं, कधी थांबलं, कोणती गोळी, किती, पाळीची तारीख, जेवणाची आणि झोपेची वेळ. ती लिहील, गोळ्या मोजायचं काम तुझं. मसाल्याच्या डब्यातली पट्टी, मेडिकलवाल्याकडून पूर्ण नाव लिहून घेऊन, पिशवीत टाक आणि याच आठवड्यात तिला उपजिल्हा रुग्णालयात घेऊन जा. महिन्याची वही पुरी व्हायची वाट पाहू नकोस. तिथं माला-एनचा आणि या गोळ्यांचा विषय आधी काढ. गरज पडली तर ते जळगावला किंवा धुळ्याला मेंदूविकारतज्ज्ञांकडे पाठवतील. डॉक्टरांनी तिला प्रश्न विचारला की उत्तर तिला देऊ दे. तू मध्ये तोंड घातलंस असं मला कळलं तर बघ. पुढच्या महिन्यात भरलेली वही घेऊन यायचं. कोरी आणायची असेल तर येऊच नकोस.